तेरातली उरलेली एक

डेट्रॉईटला बहिणीकडे राहायला गेलो होतो. रविवारी भाचा म्हणाला, "मामा, चला, तुम्हाला हेन्री फोर्ड म्युझियम दाखवतो." डिअरबॉर्न तिथून जवळच. आत मोटारींची रांगच रांग, पण माझा पाय अडला तो घोडा सोडलेल्या बग्गीसारख्या दिसणाऱ्या एका गाडीपाशी. स्टिअरिंग व्हील नाही. नावेच्या सुकाणूला असतो तसा नुसता दांडा. १८९६ ची ड्युरिए मोटर वॅगन!

ती केली दोघा भावांनी. चार्ल्स ड्युरिए सायकली बनवणारा, धाकटा भाऊ फ्रँक टूलमेकर, म्हणजे कारखान्याची हत्यारं घडवणारा. १८९३ च्या सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड गावात त्यांची पहिली गाडी रस्त्यावर आली. जुनी बग्गी विकत घेऊन तिलाच इंजिन बसवलं होतं. दोन वर्षांनी, २८ नोव्हेंबर १८९५ ला, शिकागोत शर्यत झाली. बर्फाने रस्ते भरलेले. सहा गाड्या निघाल्या, दोनच परतल्या. फ्रँकचा स्टिअरिंगचा दांडा वाटेत मोडला, तो त्याने लोहाराकडे जाऊन दुरुस्त करून घेतला आणि शर्यत जिंकली.

पण मला खरं मोल वाटतं ते त्याच्या पुढच्या वर्षाचं. १८९६ मध्ये त्यांच्या कंपनीने एकाच नमुन्याच्या १३ गाड्या केल्या. माझं भोसरीत लहानसं वर्कशॉप आहे. पहिला नग हाताने घासूनपुसून कसाही जमवता येतो. दुसरा हुबेहूब तसाच काढायचा तर मापं, फिक्स्चर (प्रत्येक नग त्याच जागी पक्का धरणारी चौकट), सगळं बसवावं लागतं. अमेरिकेत मोटारीच्या बाबतीत हे आधी या भावांनी केलं. त्याच वर्षी जूनमध्ये फोर्डची पहिली गाडी चालली, आणि ती एकच होती.

१८९८ मध्ये कंपनी संपली. भाऊ वेगळे झाले, आणि गाडी नक्की कोणाची यावरून दोघांत जन्मभर वाद राहिला. हे वाचून फार वाईट वाटलं. एकाची कल्पना, दुसऱ्याचा हात. कशी वाटणी करणार?

त्या तेरांतली ही एकच शिल्लक आहे. भाचा पुढे जाऊन परत आला. मी वाकून चाकाचे आरे बघत होतो. त्याला म्हटलं, "बाकीच्या बारा अगदी अशाच होत्या बघ." तोही माझ्याशेजारी वाकला.