मासे बंद, तरी अंगठा सुजला

गटारी झाली की पुढचे काही दिवस आमच्या ओपीडीत पायाचे अंगठे सुजलेली मंडळी येतात, हे इथे रत्नागिरीत आम्हाला पाठच झालंय. मटण, कलेजी, सोबत बिअर, आणि मग मध्यरात्री अंगठा असा ठणकतो की अंगावरची चादर त्याला लागली तरी माणूस ओरडतो. हा गाऊट, रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांधे धरणारा आजार. फिजिशियन औषध देऊन दुखणं शांत करतात आणि मग माझ्याकडे पाठवतात, मी आहारतज्ज्ञ. पण हा पेशंट आला तेव्हा श्रावण अर्धा सरला होता. श्रावण पाळता का असं मी विचारलं तर त्यांच्या आधी बायकोच बोलली, "अगदी कडक पाळतात मॅडम, आणि गटारीला तर आमच्याकडे सुतकच होतं."

(ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.)

तर हे टेम्पोवाले. पंचेचाळीशीचे, पोट सुटलेलं, बीपीची गोळी चालू. मिरकरवाड्यातून मासळी भरायची आणि रात्री आंबा घाटातून कोल्हापूरला पोचवायची. मासळीच्या धंद्यातला माणूस म्हटल्यावर गल्लीतल्या सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता, मासे खाऊन खाऊन झालंय. पण त्यांनी कित्येक दिवसांत माशाचा तुकडा तोंडात घातला नव्हता, नुसता वास घेत होते.

मला आधी दिसला तो बूट. उजव्या बुटाचं पुढचं टोक ब्लेडने कापून काढलेलं, आत अंगठ्यावरची कातडी सुटत होती, सूज उतरताना सुटते तशी. म्हटलं हे काय? तर म्हणाले, दुखत होतं तेव्हा ब्रेक दाबायला अंगठा मोकळा पाहिजे ना. म्हणजे हा माणूस गाडी घेऊन घाट उतरत होता आणि ब्रेक टाचेने दाबत होता. मला काही सुचेना क्षणभर. बायकोला हे तेव्हाच कळलं, तिने त्यांच्याकडे जे बघितलं ते मी लिहीत नाही.

रिपोर्टचा घोळ वेगळाच. ऐन दुखण्यात काढलेलं युरिक ॲसिड 6.4 आलं होतं, म्हणून 'नॉर्मल आहे, मुरगळला असेल' असं कोणीतरी सांगितलेलं. गाऊटचा अटॅक चालू असताना रक्तातला आकडा खाली आलेला असू शकतो, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. सगळं शांत झाल्यावर आमच्या डॉक्टरांनी परत तपासलं तर 8.9. साधारण 6.8 च्या वर गेलं की ते रक्तात विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे खडे सांध्यात बसायला लागतात, आणि अंगठा शरीराचा थंड भाग म्हणून बऱ्याचदा तिथूनच सुरुवात. गेल्या वर्षी असाच पाय 'मुरगळला' होता हेही बोलता बोलता निघालं, तेव्हा हा दुसरा अटॅक.

मग खाण्याची चौकशी. बायकोने वहीच आणली होती. तूरडाळ बंद, टोमॅटो बंद, पालक, वांगं बंद, दही-ताक आंबट म्हणून बंद, दूध वातूळ म्हणून बंद. राहिलं काय तर भात, चपाती, बटाट्याची भाजी आणि साबुदाणा. वर शेजारच्या मावशींनी सांगितलेलं, श्रावण संपला की पाया सूप द्या, सांध्याला चांगलं. गाऊटवाल्याला पाया सूप! मटणातलं प्युरिन पाण्यात उतरतं, आणि शरीर प्युरिनचंच युरिक ॲसिड करतं, आपण नेमकं तेच पाणी वाटीभर पाजायचं.

डाळ आणि पालकाची भीती तर मला रोज भेटते. त्यात प्युरिन आहे हे खरंच, पण अमेरिकेत 47 हजारांवर पुरुषांना 12 वर्षं बघून 2004 साली जो अभ्यास छापून आला त्यात मटण आणि मासळीने गाऊट वाढताना दिसला, प्युरिनवाल्या भाज्यांनी नाही, आणि कमी फॅटचं दूध-दही खाणाऱ्यांत तर तो उलट कमी होता. म्हणजे ह्या बाईंनी एवढ्या काळजीने जे जे बंद केलं त्यातलं बरंचसं चालू हवं होतं.

ताटात काही सापडेना म्हणून मी विचारलं, रात्री घाटात झोप येऊ नये म्हणून काय करता? ते गप्प. बायको त्यांच्याकडे बघतेय. मग हळूच म्हणाले, थंडा पितो. किती? निघताना एक मोठी बाटली, मलकापूरला थांबलं की एक, येताना कधी होते कधी नाही. आणि पाणी? पाणी नको मॅडम, सारखं गाडी थांबवायला लागते, माल उतरायची वेळ चुकते. घरी आल्यावर कोकम सरबत, भरपूर साखर घालून, दोन ग्लास. आणि सोमवारी उपवास, दिवसभर चहावर, त्याच रात्री ट्रिप.

आता हे जोडून बघा. 600 मिलीच्या बाटलीत साठ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे चहाचे बारा चमचे, आणि साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, जे यकृतात फुटताना युरिक ॲसिड तयार करतं, त्यासाठी मासे खायला लागत नाहीत. पाणी कमी म्हणून ते लघवीवाटे बाहेर पडेना. उपाशी राहिलं की चरबी जळून जे किटोन तयार होतात ते मूत्रपिंडात युरिक ॲसिडची वाट अडवतात. वर बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, थायझाइड, त्यानेही ते अंगात साठतं. गोळीला मी हात लावत नाही, बंद करा असंही कधी सांगत नाही, चिठ्ठी लिहून डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी ती बदलून लोसार्टन दिली, जी युरिक ॲसिड थोडं बाहेर काढायला मदतच करते.

बायकोला बारा चमचे काही पटेनात. माझ्याकडे मापाच्या वाट्या-चमचे असतात, पॅन्ट्रीतून साखर मागवली आणि तिलाच मोजायला लावली. सहाव्या चमच्याला ती थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी घरात टोमॅटो शोधत बसले होते ओ." मला हसू आवरेना, ते मात्र टेबलाखाली पाय लपवत होते.

आमटी परत सुरू केली. रोज ताक. केबिनमधे पाण्याच्या दोन बाटल्या, आणि घाटाच्या अलीकडे एकदा थांबायचंच, माल पाच मिनिटांनी सडत नाही. झोपेसाठी बिनसाखरेची कॉफी, कॉफी पिणाऱ्यांत गाऊट कमीच दिसतो. वजन उतरवायचंय पण हळूहळू, क्रॅश डाएट केलं तर परत अंगठा धरायची वेळ. श्रावणानंतर सुरमई-पापलेटचा छोटा तुकडा आठवड्यातून एकदा-दोनदा, तारली, मांदेली, सुकट नाही. सुकटीत पाणी उडालेलं असतं त्यामुळे मूठभरातच प्युरिन भरपूर, आणि कोकणातल्या माणसाला सुकट सोड म्हणणं म्हणजे काय ते मला माहितीये, मी स्वतः चिपळूणची आहे.

आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं की नुसत्या खाण्याने आकडा फार तर एखाद पॉईंट उतरतो, युरिक ॲसिडचा मोठा वाटा आपलं शरीर स्वतःच बनवतं. दोन अटॅक झालेत, आकडा 8.9, तेव्हा डॉक्टरांची ॲलोप्युरिनॉल, युरिक ॲसिड कमी करणारी गोळी, घ्यायचीच. "एकदा चालू केली की सुटत नाही म्हणतात", हे त्यांनी म्हटलंच. म्हटलं बीपीची तरी कुठे सुटलीय? सुरुवातीच्या महिन्यांत जुने खडे विरघळताना परत दुखू शकतं, म्हणून सोबत कोल्चिसिन होती, आणि दुखलं म्हणून ॲलोप्युरिनॉल मधेच टाकून द्यायची नाही, हे बायकोने वहीत लिहून घेतलं.

दिवाळीनंतरच्या रिपोर्टला 5.8 आलं. सहाच्या खाली हवं होतं, आलं. त्यात गोळीचं किती आणि माझं किती ते मला सांगता येणार नाही, बहुतेक गोळीचंच जास्त. बूट नवे होते. थंडा सुटलाय असं ते म्हणतात, बायको म्हणते केबिन तपासते. बिअरचं मात्र आमचं अजून मिटलेलं नाही, थर्टीफर्स्टला एक चालेल का विचारत होते, मी नाही म्हटलं, तर वरच्या मजल्यावर डॉक्टरांना परत विचारून आले.