कॉम्प्युटरला गंडवणारा डबा

आज वावरातल्या गोठ्याच्या सावलीत आपल्या डिझेल स्विफ्टला ताकद वाढवायला पिगीबॅक नावाचा डबा बसवला. कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जागेवरच राहतो. हा डबा रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) आणि ईसीयूच्या मधात बसतो आणि दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. ईसीयूला वाटते दाब कमी पडला, तो वाढवते, इंजेक्टरमधून डिझेल जास्त जाते. सरळ सरळ गंडवणूक आहे राजेहो!

जोडणी सोपी, पण वायरी कापायच्या आधी मल्टीमीटर लावाच. सेन्सरला ५ व्होल्टचा सप्लाय असते, सिग्नलची वायर वेगळी. रंगावर भरवसा ठेवू नका.

खरा वेळ गेला ट्यूनिंगमध्ये. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाकडे निघालो, लॅपटॉप भावाच्या मांडीवर. तिसऱ्या गिअरमध्ये दाबली तर गाडी अशी उचलली की भाऊ खूश, पण आरशात मागं काळा धूर! म्हणजे डिझेल वाढलं, हवा तेवढीच. असंच दामटलं तर एक्झॉस्ट तापते, टर्बोची (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची) वाट लागते. मॅप (किती गंडवायचं त्याचा तक्ता) खाली आणत गेलो, धूर बसला. ताकद थोडी गेली, जाऊ द्या. कंपनीच्या १९० न्यूटन मीटर टॉर्कसाठी, म्हणजे इंजिनच्या फिरवायच्या जोरासाठी, बनवलेल्या क्लचचाही विचार करा लागते. गाडी वॉरंटीत असन तर या भानगडीत पडूच नका.

संध्याकाळी बाबानं चक्कर मारली. उतरल्या उतरल्या म्हणे, "आपल्या ट्रॅक्टरलेबी बसीन का बे हे?"

आपला ट्रॅक्टर जुना, मेकॅनिकल पंपाचा. ना सेन्सर, ना ईसीयू. गंडवू कोणाले?