वीस सेकंदांनी आलेलं उत्तर

परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सी प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल परीक्षक होतो. स्लिप नेहमीचीच: दिलेली संख्या मूळ आहे का? यावर माझे इनपुट ठरलेले. १, कारण पुष्कळ प्रोग्राम त्याला मूळ ठरवतात. २, कारण सम म्हणून तो उडवला जातो. ९१, कारण ७ गुणिले १३ चटकन दिसत नाही. आणि २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. बत्तीस बिटांच्या इंटमध्ये, म्हणजे सीमधल्या पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या जागेत, यापेक्षा मोठी संख्या मावत नाही, आणि ती मूळ आहे.

एका मुलीची पहिली तिन्ही उत्तरं बरोबर आली. चौथ्याला कर्सर नुसता लुकलुकत राहिला. "सर, अजून फिरायलंय," ती म्हणाली. वीसेक सेकंदांनी उत्तर आलं: मूळ नाही.

"एवढी मोठी संख्या कशाला देता सर, जाऊ द्या की," इंटर्नल म्हणाले. मला ते अजिबात पटलं नाही. चूक नेमकी याच संख्येला उघडी पडते.

दोनपासून एकेक आकड्यानं भागून पाहणाऱ्या लूपची अट होती (आय म्हणजे तो आकडा, एन म्हणजे दिलेली संख्या): आय * आय <= एन. वर्गमुळापर्यंतच भागायचं, हे गणित बरोबर. इथं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे, म्हणजे लूप तिथंच थांबायला हवं. पण ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१. तो इंटमध्ये मावत नाही, उलटून उणे २१४७४७९०१५ होतो. उणे संख्या एनपेक्षा लहानच, लूप चालू. पुढे गुणाकार कितीदाही उलटला तरी इंटमधली कोणतीच किंमत या एनच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे अट कधीच मोडत नाही. आय वाढत वाढत थेट एनपर्यंत जातो, बाकी शून्य येते आणि प्रोग्रामला भाजक सापडतो. तो भाजक म्हणजे ती संख्याच.

तिला एवढंच विचारलं, "गुणाकार टाळता येईल का?" तिनं अट बदलली: आय <= एन / आय. ४६३३९ भागाकार, एंटर दाबताच उत्तर: मूळ आहे.

सगळ्यांच्या जर्नलमध्ये तीच ओळ होती, वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आलेल्या नोट्समधली. सकाळच्या बॅचमध्ये तिघांनी प्रोग्राम हँग झाला समजून विंडो बंद केली होती. त्यांचे मी गुण कापले. हिला पूर्ण दिले. चूक एकच, फक्त ही वीस सेकंद थांबली. ते गुण अजून मनात घोळतायत.

मग तिनंच विचारलं, "सर, पण मशीन आधी नाही म्हणालं, आता हो म्हणतंय. खरं कशावरून?"

ऑयलर या गणितज्ञानं ही संख्या मूळ असल्याचं १७७२ मध्ये दाखवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६२ च्या पटीपेक्षा एकनं जास्त असतो, शिवाय ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही अटी जोडल्या की २४८के+१ आणि २४८के+६३ (के म्हणजे ०, १, २ असे आकडे) एवढेच उमेदवार राहतात. वर्गमुळापर्यंत ६३ सोडून ३७२. त्यातलेही संयुक्त गाळायचे: २४९ म्हणजे ३ गुणिले ८३, गेला. ३११ मूळ, तो तपासायचा. त्यानंतरचा थेट १३०३.

तिनं उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर हातानं भागाकार मांडला. ३११ ला बाकी ३५. १३०३ ला बाकी २२६. पुढची बॅच दारात उभी होती, तरी ती तिसरा उमेदवार शोधत होती.