तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिडिओने कामं मिळतात का?

लोकांची घरं आवरून, लावून देण्याच्या या व्यवसायात नव्याने उतरणारी माणसं मला फोन करतात, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. ‘व्हिडिओने खरंच कामं मिळतात का हो? आणि मिळत असतील तर कसला व्हिडिओ करायचा?’ फोनवर मी दरवेळी अर्धंमुर्धं उत्तर देते, कारण त्या वेळी कुणाचं तरी कपाट माझ्यासमोर उघडं पडलेलं असतं. म्हणून आज बसून नीट सांगते.

मिळतात. पण ज्या व्हिडिओने मिळतील असं वाटतं, त्याने नाही.

सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं. खोलीच्या कोपऱ्यात ट्रायपॉडवर फोन लावायचा, दर पाच सेकंदांनी एक फ्रेम घ्यायला सांगायचं आणि कामाला लागायचं. चार तासांचं काम म्हणजे २,८८० फ्रेम. सेकंदाला तीस या वेगाने त्या पळवल्या की ९६ सेकंदांत जमिनीवरचा ढीग नाहीसा होतो आणि फळ्या भरत जातात. बघायला फार छान वाटतं. मलाही वाटायचं, अजूनही वाटतं. हे व्हिडिओ भरपूर बघितले गेले आणि खाली प्रश्नही आले. पण प्रश्न कसले, तर ‘ते पारदर्शक डबे कुठून घेतले?’ वर्षभर मी डब्यांची फुकट जाहिरात केली म्हणायची. कामासाठी फोन जवळपास नाहीच.

का नाही, हे मला एक व्हिडिओ कापताना कळलं. त्या घरातल्या बाई जुन्या पत्रांचं खोकं मांडीवर घेऊन वीसेक मिनिटं बसल्या होत्या. मी शेजारी बसले होते. मध्ये दोन प्रश्न विचारले, बाकी गप्प राहिले. त्यांनी चार पत्रं ठेवली, बाकीची सोडली आणि त्यानंतर अख्खी खोली दोन तासांत झाली. त्या दिवशीचं माझं खरं काम ती वीस मिनिटं होती. पळवलेल्या व्हिडिओत त्यांचे झाले आठ सेकंद: दोन बायका खाली बसल्यात आणि काहीच हलत नाहीये. मी ते कंटाळवाणे आठ सेकंद कापून टाकले होते. एवढंच नाही, आधीच्या प्रत्येक व्हिडिओतूनही नेमके तेच कापत आले होते. डबे फळीवर लावणं कुणालाही जमतं, त्यासाठी मला बोलवायची गरज नाही. ज्यासाठी गरज आहे, ते मी कुणाला दाखवतच नव्हते.

आकड्यांनी तर अजिबात भुलू नका. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्समध्ये व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी एक व्ह्यू धरला जातो. किमान किती सेकंद बघितला पाहिजे अशी अट नाही. अंगठा सरकवता सरकवता जो पुढे गेला, तोही त्या आकड्यात आहे.

दुसरी गोष्ट सांगायला जरा जड जाते, पण सांगते. एका घरातल्या माणसांनी चित्रीकरणाला तोंडी होकार दिला होता. मी व्हिडिओत चेहरे दाखवले नाहीत, नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. तरी त्यांच्या नात्यातल्या एकांनी ते घर ओळखलं. पडद्यांवरून! ‘आधी’ची दृश्यं नातेवाइकांमध्ये फिरली, व्हायची ती चेष्टा झाली. मी व्हिडिओ तासाभरात काढला. त्या घरून मला पुन्हा फोन आला नाही आणि यायला हवा होता असं मी म्हणणारही नाही. अमेरिकेत या कामातल्या लोकांची नापो ही संघटना १९८३ पासून आहे. तिच्या आचारसंहितेत ग्राहकाची माहिती गुप्त ठेवण्याचं कलम आहे. ते मी वाचलेलं होतं, पण माहिती म्हणजे नाव, पत्ता, कागदपत्रं एवढंच माझ्या डोक्यात होतं. पडदेही त्यात येतात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आपल्या धंद्याची अडचण ही अशी आहे. आपला सगळ्यात मोठा पुरावा दुसऱ्याच्या घरात असतो आणि तो झाकून ठेवणं हेही आपलंच काम असतं. केशकर्तनकाराला हा प्रश्न पडत नाही, त्याचं गिऱ्हाईक स्वतःच केस मिरवत फिरतं. आपलं गिऱ्हाईक ‘आमच्याकडे कुणी आवरायला आलं होतं’ हे शेजाऱ्यालाही सांगत नाही.

मग काही महिने मी एकही व्हिडिओ टाकला नाही. आणि एका संध्याकाळी, खरं तर चिडून, माझ्याच टेबलाचा खालचा खण जमिनीवर उपडा केला, वरून फोन लावला आणि बोलत बोलत आवरायला घेतला. त्यात काय नव्हतं? कधीच मोडीत गेलेल्या यंत्रांची वॉरंटी कार्डं, कशाचे ते न कळणारे चार्जर, वाळलेली पेनं आणि एक पितळी किल्ली, जिचं कुलूप घरात कुठेच नव्हतं. त्या किल्लीपाशी मी अडकले. टाकावी की ठेवावी, मिनिटभर ठरेना. लोकांना मी जे प्रश्न विचारते तेच स्वतःला मोठ्याने विचारले आणि शेवटी ती परत ठेवली. ते मिनिट या वेळी कापलं नाही. सगळं मिळून सहा मिनिटांचा व्हिडिओ. ना संगीत, ना एकसारखे डबे.

तिसऱ्या आठवड्यात पहिला फोन आला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, ‘तुम्हालाही टाकवत नाही म्हणजे, तुम्ही मला बोलणार नाही.’

त्या एका वाक्याने मला माझा धंदा समजावून सांगितला. जानेवारी २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर मारी कोंडो यांची मालिका आली आणि घर आवरून देणं हाही कुणाचा व्यवसाय असू शकतो, हे खूप जणांना पहिल्यांदा कळलं. आपल्या सगळ्यांनाच त्याचा फायदा झाला. पण सोबत एक धास्तीही पसरली, की ही माणसं कचऱ्याच्या पिशव्या घेऊन येतात आणि आपल्या वस्तूंचा निकाल लावतात. आपल्याला फोन करणारा माणूस फोनच्या आधी कित्येक दिवस लाजत असतो. ‘थोडं आवरून घेते, मग या’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच नाही. त्याला तुमच्या फळ्या सुंदर दिसतात की नाही याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ही परकी बाई माझा पसारा बघून तोंड कसं करेल, एवढंच त्याला बघायचं असतं. आणि व्हिडिओत ते दिसतं. छापील पत्रकात दिसत नाही, फोटोत दिसत नाही. तुमचा आवाज, तुमचे हात, अडल्यावर तुम्ही किती वेळ थांबता, हे फक्त व्हिडिओतच कळतं.

तेव्हापासून मी माझेच खण, माझीच कपाटं उपडी करते. ‘तुमच्या घरात इतका पसारा होतो?’ असं कुणीतरी खवचटपणे विचारतंच. होतो.

आता व्यवहाराचं. व्हिडिओला नाव देताना आपली भाषा सोडा. ‘गृहव्यवस्थापनाची सूत्रं’ असं कुणीही शोधत नाही. मी फोनजवळ एक वही ठेवते आणि माणसं जसं बोलतात तसंच त्यात उतरवते: ‘घर बदललं पण खोकी अजून तशीच आहेत’, ‘कपाट उघडलं की अंगावर पडतं’, ‘आई गेली, तिच्या खोलीला हात लागत नाही’. हीच व्हिडिओंची नावं. यूट्यूब २००६ पासून गूगलच्या मालकीचं आहे आणि गूगलवर शोधणाऱ्यालाही तिथले व्हिडिओ दिसतात, म्हणून मोठा व्हिडिओ मी तिथे ठेवते. त्याच्या वर्णनात वेळा लिहून प्रकरणं पाडता येतात. पहिली वेळ शून्यापासून हवी, किमान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. पाठदुखीमुळे फक्त वरच्या फळ्यांचा प्रश्न असलेला माणूस थेट तिथे पोचतो. त्यातलाच एखादा तुकडा उभ्या आकारात कापून शॉर्ट्स आणि रील्सला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्स तीन मिनिटांपर्यंत चालतात, त्यामुळे किल्लीपाशी थांबायला तिथेही जागा आहे. गूगलच्या व्यवसाय-प्रोफाइलवर, म्हणजे गूगलवर आपल्या धंद्याची माहिती दिसते तिथे, मात्र तीस सेकंदांचीच मर्यादा आहे. तिथे मी फक्त एवढंच सांगते, की पहिल्या भेटीत मी काहीही टाकायला लावत नाही.

आपण कुठल्या भागात काम करतो ते पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलून टाका. दूरदेशीच्या हजार चाहत्यांपेक्षा अर्ध्या तासाच्या अंतरावरचे तीन प्रेक्षक बरे.

कॅमेऱ्याचं फार विचारू नका. फोन पुरतो, भिंग पुसून घ्या, खिडकी समोर किंवा बाजूला ठेवा, पाठीमागे नको. पैसे खर्चायचेच तर कॉलरला लावायच्या माईकवर खर्चा. आणि बोललेलं खाली अक्षरांत (सबटायटल्स) द्याच, कारण कितीतरी लोक आवाज बंद ठेवूनच बघतात.

दुसऱ्याच्या घरात मी आता क्वचितच चित्रीकरण करते. केलंच तर लेखी परवानगी घेते, तीही काम संपल्यावर, कारण पसाऱ्याच्या मध्यात बसलेला माणूस कशालाही हो म्हणतो. कापून तयार झालेला व्हिडिओ त्यांना दाखवून पुन्हा विचारते आणि पुढे कधीही मन बदललं तर कारण न विचारता काढते. टाकण्याआधी एकदा आवाज बंद करून, थांबवत थांबवत बघते: टेबलावरची पाकिटं, औषधांच्या पट्ट्या, भिंतीवरचे फोटो, राउटरवरचा पासवर्डचा कागद, आरशात उमटलेलं माणूस, खिडकीबाहेरची इमारत. मूळ फाइल दुसऱ्या कुणाला संपादनाला द्यायची असेल तर तीत ठिकाणाची नोंद राहिलेली असू शकते, तेही बघावं लागतं. मुलांच्या खोल्या कधीच नाहीत. ‘आधी’चं दृश्यही नाही. ‘आधी’शिवाय ‘नंतर’ला काय किंमत, असं आपल्यातलेच काही जण म्हणतात आणि त्यांचे व्हिडिओ माझ्यापेक्षा जास्त चालतात हे खरं आहे. त्यांचं त्यांना लखलाभ.

एक प्रथा मात्र मला मुळीच पटत नाही: चित्रीकरण करू दिलं तर फीमध्ये सवलत. पैशांची ओढ असलेला माणूस मग आपली लाज विकतो आणि आपण ती स्वस्तात घेतो. फी कमी करायची असेल तर तशीच करावी.

महिन्यातून एक मोठा व्हिडिओ आणि दोन-तीन तुकडे, याहून जास्त मला झेपत नाही. मध्ये रोज टाकायचा प्रयत्न केला होता. दोन महिन्यांत माझंच घर असं झालं की मलाच कुणाला तरी बोलवावं लागलं असतं.

आणि तो खणाचा जुना व्हिडिओ अजून चालूच आहे. परवा एका आजोबांचा फोन आला, बायकोच्या शिवणकामाची खोली आवरायची होती. त्यांनी आधी नाव सांगितलं नाही, फी विचारली नाही. म्हणाले, ‘ते कुलूप सापडलं का हो?’ नाही सापडलं म्हटलं. ‘मग ठीक आहे,’ म्हणाले, ‘गुरुवारी या.’