श्रावणात विडी सोडताय? तलफेचा हिशेब आधी मांडा

विडी-सिगरेट सोडणाऱ्याला घरचे, दारचे सगळे एकच सांगतात: मन घट्ट कर. या सल्ल्याने आजवर बऱ्याच जणांचं नुकसान झालंय असं माझं स्पष्ट मत आहे. तलफ आली की घट्ट केलेलं मन पहिल्या दोन मिनिटांतच सैल पडतं, आणि मग माणूस स्वतःला कमकुवत समजून पुन्हा बंडल विकत घेतो. खरं तर एकेक तलफ तीन ते पाच मिनिटांची असते, फार तर दहा. तुम्ही ओढा नाहीतर ओढू नका, ती ओसरतेच. शिवाय ती येते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या माणसांत. म्हणून तयारी आदल्या दिवशीच झालेली हवी.

रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्रीच्या झोपेत ते बरंच उतरतं, म्हणून सकाळची पहिली विडी सगळ्यात हवीशी वाटते. सोडल्यावर काही तासांतच चिडचिड, अस्वस्थपणा सुरू होतो. दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात कठीण. मग जोर कमी होत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत शरीराची कुरकुर बहुतेक थांबते. त्यानंतरही जी तलफ येते ती एसटी स्टँडची टपरी, जेटीवरचा कट्टा, जेवणानंतरची पडवी यांनी आणलेली असते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले की काहीच लागू पडत नाही.

सोडायच्या आधी चार-पाच दिवस एक कागद करा. विड्यांच्या बंडलाला रबरबँडने गुंडाळला की विसरायला होत नाही. प्रत्येक विडीला चार गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, सोबत कोण, आणि किती हवीशी वाटली ते एक ते पाचमध्ये. पाच आकडा पडलेल्या विड्या वेगळ्या काढा. तुमची खरी लढाई तेवढ्यांशीच आहे. बाकीच्या हाताला लागलेल्या सवयीच्या असतात. हातालाही सवय भारी असते: दिवसाला २० सिगरेटी, एकेकीचे दहा झुरके, म्हणजे दिवसातून २०० वेळा हात तोंडाकडे जातो.

तारीख कुठली धरायची? आपल्याकडे माझी पसंती श्रावणाला आहे, आणि कारण धार्मिक नाही. झुरक्याचा सगळ्यात मोठा साथीदार दारू. श्रावणात कोकणातल्या कितीतरी घरांत मासे-मटण आणि दारू दोन्ही बंद असतात, त्यामुळे बसायचं निमंत्रणच येत नाही. पहिले चार आठवडे दारूला हातही लावू नये असं मी एरवीही सांगेन. श्रावणात ते कोणाला समजवावं लागत नाही. गटारीच्या रात्री मात्र 'आज शेवटची' म्हणून पाकीटभर ओढू नका. दुसऱ्या दिवशीची तलफ तेवढीच चढी येते.

आता खरी गोम. श्रावण प्रतिपदेला सोडली तर गणेश चतुर्थी साधारण पाचव्या आठवड्यात येते. शरीराचा त्रास संपलेला असतो, माणूस निर्धास्त झालेला असतो, मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, आणि रात्री भजन आटोपलं की मागच्या दारी पाकिटं उघडतात. सुटलेली विडी पुन्हा धरायला याहून सोपी जागा नाही. म्हणून चतुर्थीच्या आधीच घरात आणि वाडीत एकदा उघड सांगून टाका की मी सोडली आहे, मला देऊ नका. भजनात टाळ किंवा मृदंग घ्या, हात मोकळे राहत नाहीत. आरती संपल्यावर मागे जाऊ नका, पुढच्या पडवीत बायका-पोरांत बसा. आणि निकोटिनचं च्युइंगम चालू असेल तर नेमकं या दिवसांत ते बंद करू नका.

च्युइंगमबद्दल जरा सविस्तर, कारण ते चुकीचं खाऊन 'काही उपयोग झाला नाही' म्हणणारे खूप. २ मिलीग्रॅमचं गम औषधाच्या दुकानात मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागत असेल तर ४ मिलीग्रॅमची गरज असू शकते, त्यासाठी डॉक्टरांना दाखवा. साध्या च्युइंगमसारखं चघळत राहिलात तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं. मग उचक्या, मळमळ, घशात जळजळ आणि फायदा नगण्य. रीत अशी: सावकाश दहा-पंधरा वेळा चावायचं, मिरीसारखी चव किंवा झिणझिणी आली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचं. झिणझिणी गेली की पुन्हा थोडं चावायचं, जागा बदलून ठेवायचं. असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातून शोषलं जातं, म्हणून घाई उपयोगाची नाही. झुरक्याइतका झटका त्यातून येणार नाही. धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, याला मिनिटं लागतात. म्हणून तलफ डोक्यात बसेपर्यंत थांबू नका. टपरीशी पोचायच्या दहा मिनिटं आधी तोंडात टाका.

आणि इथे कोकणच्या जेवणाची एक अडचण येते. तोंडात आंबट असलं की निकोटिन शोषलं जात नाही. गम खाण्याआधी १५ मिनिटं आणि खाताना आंबट पेय, चहा, कॉफी, सोडा काही नको, असा नियम आहे. आपलं जेवण संपतं ते सोलकढीवर; त्याआधी आमटीत, सारात आमसूल असतंच; आणि जेवणानंतरची तलफ तर बहुतेकांच्या कागदावर पाच आकड्याची. तेव्हा हात धुताना तीन-चार खळखळून चुळा भरा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग गम. मधली पंधरा मिनिटं रिकामी ठेवायची नाहीत: ताट उचलून लगेच उठायचं, बडीशेप किंवा एक लवंग तोंडात, आणि गडग्यापर्यंत एक फेरी. पडवीतल्या नेहमीच्या खुर्चीत पहिला महिना जेवणानंतर बसूच नका. कोकम सरबत सकाळी अकराला प्या, गमच्या वेळेला नको.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम, सातव्या ते नवव्या आठवड्यात दोन-चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात चार-आठ तासांनी, हा त्याचा क्रम. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. लोक चुकतात ते कमी खाऊन: दिवसाला दोन गम खाऊन वीस विड्यांची जागा भरत नाही. कवळी असेल किंवा जबडा दुखत असेल तर गमऐवजी कातडीला चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीचं विचारा. गरोदर बायकांनी, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी आणि छातीत दुखण्याचा त्रास चालू असलेल्यांनी दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

पट्टी २१, १४ आणि ७ मिलीग्रॅमची असते. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांसाठी नेहमीचा क्रम सहा आठवडे २१, मग दोन आठवडे १४ आणि दोन आठवडे ७. आपल्या दमट हवेत ती सुटून येते, हीच मोठी तक्रार. गोड्या पाण्याने अंघोळ करून दंड कोरडा पुसा, खोबरेल अजिबात नको, केस नसलेली जागा बघा आणि तळवा दहा सेकंद दाबून धरा. कडा उचलली तर औषधाच्या दुकानातली साधी चिकटपट्टी चारी बाजूंनी लावा. रोज जागा बदला, नाहीतर खाज सुटते. रात्री विचित्र स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर झोपताना काढा. काढलेल्या पट्टीतही निकोटिन उरतं. आतल्या बाजूने दुमडून पोरांच्या, कुत्र्यामांजरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी टाका.

चहाचं गणित फार कमी जणांना ठाऊक असतं. विडीच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर निकाली काढतं. धूर थांबला की ते काम मंदावतं, म्हणजे तेवढ्याच कपांत कॅफिन अंगात जास्त साठतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जाग येणं, आणि माणूस म्हणतो, सोडल्यामुळे झालं, एक ओढली की बरं वाटेल. सोडल्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणा, दुपारी चारनंतर बंद. परसातली गवती चहाची पात आणि आलं उकळून, चहापूड न घालता घ्या. सकाळी चहा आणि विडी जोडीनेच असेल तर पहिले पंधरा दिवस उठल्यावर चहाऐवजी पेज प्या. तोंड गरम होतं, पोट भरतं आणि त्या पेजेशी विडीची कसलीही आठवण जोडलेली नसते. दमा, मनोविकार किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर विडी सोडल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा, काहींची मात्रा बदलावी लागते.

तलफ आलीच तर? घड्याळ बघा आणि पाच मिनिटं पुढे ढकला. नाकाने चार मोजत श्वास घ्या, ओठ बारीक करून सहा ते आठ मोजत सोडा, असे दहा. झुरक्याने शांत वाटायचं त्यात या लांब श्वासाचाही वाटा होता, तो तुम्हाला फुकट मिळतो. मग दोन्ही हात गुंतवणारं काम: नारळ सोलणं, विहिरीचं पाणी ओढणं, जाळ्याची फाटकी बाजू सुईने भरणं. मोबाइल नको, त्यात एक हात मोकळाच राहतो. तोंडात टाकायला तवशाचे (काकडीचे) काप, भाजलेले चणे, ओवा, वेलदोडा. काजू खात सुटलात तर वजन वाढेल. तसंही पहिल्या वर्षात चार-पाच किलो वाढणं नेहमीचं आहे, त्याला घाबरून विडीकडे वळू नये.

दोन गोष्टी मात्र विडीच्या जागी चुकूनही नकोत. एक सुपारी. श्रीवर्धनची रोठा कितीही नावाजलेली असो, सुपारी स्वतःच सवय लावते आणि तंबाखू नसतानाही तोंडाच्या कर्करोगाचं कारण ठरते. दुसरी मशेरी. विडी सोडलेला पुरुष घरातल्या डबीतली चिमूटभर मशेरी दातांना लावतो आणि धूर नाही म्हणून समाधान मानतो. ती भाजलेली तंबाखूच आहे, हिरडीतून निकोटिन देते, आणि तलफ कधीच संपू देत नाही. तव्यावर मशेरी भाजायच्या वासानेही तलफ उठते. अशा घरात दोघांनी एकाच दिवशी सोडणं मला सगळ्यात योग्य वाटतं, कारण बायकोच्या मशेरीकडे तेवढ्याच गांभीर्याने कोणी बघत नाही.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, रिकामपण आणि पाऊस यांत विड्या वाढतात. हंगामाच्या पहिल्या फेरीलाच सोडणं मला जास्त पटतं: दर्यात टपरी नाही. पण बोटीवर सोबत्यांकडे बंडलं असतातच, म्हणून चढण्याआधी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, सांगून ठेवा. रात्रीच्या पहाऱ्यात झोप उडवायला ओढायची सवय असते. तिथे उभं राहणं, तोंडावर पाणी मारणं आणि आल्याचा तुकडा चघळणं याने निभावतं. २४ तासांची पट्टी असेल तर ती रात्री काढू नका.

किनाऱ्यावर असाल तर लायटर टाका. पावसात दिवे जातात म्हणून घरात काडेपेटी लागणारच. ती देवघरात राहू दे, तुमच्या खिशात बॅटरी. रेनकोटचा खिसा, गाडीची डिकी, मांगराचा वासा, जुन्या विड्या इथेच सापडतात. धुराचा वास धरलेलं जाकीट आणि हेल्मेटचं अस्तर पहिल्या उन्हात धुऊन वाळवा.

सोडल्यावर खोकला वाढतो तेव्हा लोक घाबरतात. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागून कफ वर ढकलतात, काही आठवडे हे चालतं. थुंकीत रक्त, ताप, वजन घटणं यातलं काही असेल किंवा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. मन फारच खचल्यासारखं झालं आणि दोन आठवडे तसंच राहिलं तरीही डॉक्टर गाठा. गोळ्यांनीही तलफ कमी करता येते, पण त्या चिठ्ठीवरच्या आहेत आणि फिट येणाऱ्यांना त्यातली एक चालत नाही.

एखादा झुरका झालाच तर उरलेलं तिथेच पाण्यात बुडवा, कागदावर वेळ, जागा, माणूस लिहा, पट्टी-गम चालूच ठेवा. 'आता सोमवारपासून' हे वाक्य म्हणायचं नाही. पुढची तलफ हीच पुन्हा सुरुवात. त्या जागेला पुढच्या वेळी काय करायचं ते त्याच दिवशी ठरवा. बोलायला माणूस हवा असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे, पाकिटावर हाच क्रमांक छापलेला असतो.

बारा आठवड्यांनी गम संपला तरी वर्षभर काही प्रसंग पहिल्यांदाच येणार: बागेतली राखण, दशावताराची रात्र, शिमग्याची पालखी. त्या त्या दिवशी जुनी तलफ उठू शकते. शिमगा होईपर्यंत दोन गम खिशात राहू द्या, आणि पाकिटावरची मुदत बघून जुने बदला.