तुम्ही विचारलंत म्हणून: लँडलाइनचं बिल मी अजून का भरते

‘नेटवरून फोन करायला लागल्यापासून खर्च किती वाचला?’ आणि ‘मग लँडलाइन अजून कशाला ठेवलाय?’ हे दोन्ही प्रश्न मला बहुतेक तीच माणसं विचारतात. दुसरा विचारताना जरा हसतात. घरून काम करणारी, नव्यानं नोंदणीला आलेली, आमच्या वाड्यातली, सगळीच. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

वाचला. वधूवर सूचक मंडळ चालवायचं म्हणजे दिवसभर फोन, हे तुम्हाला सांगायला नको. २००६ मध्ये देशभर एक रुपया मिनिटाची योजना आली तेव्हा आम्हाला ती स्वस्ताई वाटली होती. पण मुलाच्या आईशी पाऊण तास बोलायचं म्हणजे पंचेचाळीस रुपये, आणि पाऊण तासात तर फक्त मुलाच्या मावशीचं होतं. परदेशातली स्थळं म्हणजे बिलातलं भगदाडच. मेलबर्नच्या मुलाशी आज मी ॲपवरून तासभर बोलते तेव्हा ब्रॉडबँडच्या भाड्यापलीकडे एक पैसा लागत नाही. हे कोण नाकारतंय?

पण देशातल्या देशात नेटवरून फोन करून पैसे वाचतात असं जे तुम्ही धरून चालता, ते आता उरलेलं नाही. २०१६ मध्ये जिओ आलं आणि बोलणं डेटाच्या पॅकमध्ये फुकट जाऊन बसलं. एका कंपनीनं दुसरीला द्यायचे मिनिटामागचे सहा पैसेही १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. तेव्हा नाशिकला, मिरजेला नेटवरून फोन करून मी वाचवणार काय?

आणि ते भाचे लोक सुचवतात ते मला सांगू नका. परदेशातून नेटवर आलेले कॉल घरात सिमकार्डांचा बॉक्स ठेवून इथल्या सिमवरून पुढे सोडायचे, हा जुगाड नाही, गुन्हा आहे. पोलीस धाडी घालतात त्यासाठी. ॲपवरून थेट कुणाच्याही फोनवर कॉल लावायची सोय २०१८ मध्ये सरकारनं परवानाधारक कंपन्यांना करून दिली आहे; घ्यायची तर त्यांच्याकडून घ्या.

आता दुसरा प्रश्न, लँडलाइन कशाला ठेवलाय. त्यासाठी मिरजेच्या एका स्थळाचं सांगते.

त्या वेळी मी तुमच्यासारखीच होते. लँडलाइन बंद करायचा अर्ज लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. मिरजेचे एक निवृत्त गृहस्थ, मुलगी बँकेत. इकडे कोथरूडचं स्थळ, मुलगा चांगला, आई समंजस. पत्रिका जुळली होती, फोटो आवडले होते, बघण्याची तारीख ठरवायची तेवढी राहिली होती. गृहस्थांच्या घरात मोबाइलला रेंज नाही, वायफाय आहे. म्हणून बोलणं ॲपवरून. मुलाची आई माझ्याकडे आली होती, टॅबलेट मध्ये ठेवलेला, स्पीकर चालू. चहा झाला. गृहस्थांनी विचारलं, “मुलगी लग्नानंतरही नोकरी करणार. चालेल ना तुम्हाला?”

“हो, अगदी!” बाई म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, कपही खाली ठेवला नाही. मी समोर बसले होते.

पलीकडे शांतता. मग आवाज आला, “का, काही अडचण आहे?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं म्हटलं, बोला. त्या म्हणाल्या, “छे हो, कसली अडचण?” तेवढ्यात तिकडून, “बरं. स्पष्ट बोललात ते चांगलं केलंत,” आणि फोन बंद.

दोन दिवसांनी निरोप आला, योग दिसत नाही. मी लँडलाइनवरून फोन लावला. गृहस्थ शांतपणे म्हणाले, “वहिनी, अडचण आहे का विचारलं तर त्याच ‘हो, अगदी’ म्हणाल्या.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या प्रश्नाचा ‘हो’ उशिरा पोचला होता, दुसऱ्या प्रश्नावर जाऊन बसला होता. आणि ‘छे हो’ पोचलाच नव्हता. मी हे त्यांना समजावलं. ते हसले. “तुम्ही आता सांभाळून घेताय.” इकडे बाई ऐकेनात. “मी हो म्हटल्यावर अडचण विचारतात? आणि वर फोन ठेवून देतात?” दोघंही खरं बोलत होते आणि मध्ये मी, जिचा धंदाच मध्ये असण्याचा.

माझा लेक म्हणतो, दोष नेटचा नाही. त्या वेळी तो वरच्या खोलीतून कामाच्या मोठ्या फायली चढवत होता, त्यामागे आवाज रांगेत अडकला. बोलणं एका बाजूनं दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर माणसाला उशीर जाणवत नाही. आमचा बहुधा सेकंदांवर गेला होता. त्यानंतर त्यानं राउटरमध्ये कॉलला आधी वाट द्यायची सोय केली, टॅबलेटऐवजी कॉम्प्युटर वायरनं जोडला. तेव्हापासून तसं घडलेलं नाही, हेही मान्य करते. आणि मिरजेच्या वायफायचं काय चाललं होतं, ते कुणी पाहिलंय?

पण अर्ज मी फाडला. २४४ नं सुरू होणारा नंबर दिसला की जुन्या माणसाला कळतं, पुण्याच्या पेठेतला आहे, टेलिमार्केटिंगवाला नाही. तोच नंबर मी व्हॉट्सॲप बिझनेसलाही लावलाय. पडताळणीचा कॉल लँडलाइनवर घेता येतो, वेगळं सिम लागत नाही. खर्च वाचवायचाच तर हे करा.

आता लेक मला कोंडीत पकडतो. आमचीही तांब्याची तार जाऊन फायबर आलंय, म्हणजे आई, तुझा लँडलाइनही आता नेटसारखाच चालतो. खरं आहे. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचीच वीज यायची, घरचे दिवे गेले तरी फोन चालायचा. आता वीज गेली, भिंतीवरचा फायबरचा डबा बंद झाला की फोनही मुका. फक्त त्या डब्यातून जाणाऱ्या फोनच्या आवाजाला कंपनी वेगळी वाट राखते, ॲपला घरातल्या टीव्हीशी धक्काबुक्की करावी लागते. एवढ्या फरकासाठी दर महिन्याचं भाडं भरायचं का, यावर आमचं घरात एकमत नाही. पहिलं बोलणं मात्र मी लँडलाइनवरूनच करते, दोन्हीकडे वेगवेगळं, आणि ‘हो’ कशाला म्हणालात ते परत विचारून घेते. त्यानं काही लोक वैतागतात.

तुम्हाला फोन करायचा असेल तर गुरुवारी दुपारी करू नका. दुरुस्तीसाठी वीज जाते आमच्याकडे. संध्याकाळी सहानंतर करा.