स्ट्रायकरचा खुबा

दांडिया बाजारातल्या आमच्या दवाखान्यात ते आले तेव्हा हातातल्या पिशवीत उजव्या गुडघ्याचे तीन वर्षांचे एक्स-रे, एक एमआरआय आणि दोन ठिकाणच्या चिठ्ठ्या होत्या. एका चिठ्ठीत गुडघ्यात दिलेल्या इंजेक्शनांची नोंद, दुसरीत सांधाबदलाचा सल्ला. वय ५२. मूळचे कोल्हापूरचे, तालमीच्या फुटबॉल संघातून पुढे आलेले, नंतर मुंबईत व्यावसायिक क्लबकडून सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा स्ट्रायकर, आणि खेळ थांबल्यावर नोकरीच्या बदलीने बडोद्यात स्थायिक. आता मांजलपूरच्या एका मैदानावर मुलांना शिकवतात, म्हणून मीही त्यांना सरच म्हणते.

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार अशा तालमींच्या नावानेच फुटबॉल संघ ओळखले जातात. तिथला हुशार मुलगा वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून रोज खेळतो, ऐन वाढीच्या वयात मोठ्यांबरोबरही खेळतो. सरांच्या बाबतीत हा तपशील पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

तक्रार अशी: गुडघ्याच्या वाटीच्या वर आणि आतल्या बाजूला दुखतं, जिना चढताना वाढतं, रात्री कूस बदलताना जाग येते, मांडी घालून बसता येत नाही. चोविसाव्या वर्षी याच गुडघ्याची फाटलेली गादी थोडी कापली होती. म्हणजे संशयाला जागा पूर्ण होती. पण तपासायला घेण्याआधी मी जुन्या खेळाडूंना बूट-मोजे स्वतः काढायला सांगते आणि नुसती बघत राहते. गुडघ्याचा रुग्ण पाय पुढे ताणून मोजा ओढतो. सरांनी उजवा पाय मागे घेतला, टाच बाहेर काढली आणि पाठीतून वाकून मोजा ओढला. पाऊल दुसऱ्या मांडीवर घेणं त्यांनी टाळलं. चालतानाही उजव्या पायावर भार येताच धड उजवीकडे झुकत होतं.

मग गुडघा. सूज नाही, पाणी नाही. सांध्याच्या रेषेवर आतून-बाहेरून अंगठ्याने दाबलं, दुखलं नाही. पूर्ण सरळ होतो, १३५ अंशांपर्यंत वाकतो. गादी कापलेल्या गुडघ्यात थोडी झीज असणारच, एक्स-रेमध्ये ती होतीही, पण रात्री उठवणारा गुडघा इतका शांत नसतो. मांडीचा घेर वाटीच्या १० सें.मी. वर मोजला: उजवी डावीपेक्षा अडीच सें.मी. बारीक.

नंतर पाठीवर झोपवून उजवा खुबा आणि गुडघा दोन्ही ९० अंशांत धरले. गुडघ्याचा कोन तसाच ठेवून पाऊल बाहेर नेलं की खुब्यात मांडी आतल्या बाजूला फिरते. निरोगी माणसात ती ३० ते ४० अंश फिरते. सरांची डावी २५ अंश फिरली, उजवी ५ अंशांवर थांबली. हाडाला हाड लागल्यावर जसं थांबतं तसं, कडक. तिथेच मांडी किंचित आत ओढली तर सर कोपरावर उठून बसले. “हेच की वो मॅडम ते दुखणं! हितंच, वाटीच्या वर!”

खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवण्याचं कारण नसांमध्ये आहे. ऑब्च्युरेटर आणि फीमोरल या दोन्ही नसांच्या फांद्या खुब्यालाही जातात आणि गुडघ्यालाही. त्यामुळे खुब्याची झीज कित्येकदा जांघेत न दुखता मांडीच्या पुढून उतरून थेट गुडघ्यात बोलते. स्ट्रायकरच्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा जुना व्रण असला की सगळ्यांचं लक्ष तिथेच अडकतं. म्हणून माझं म्हणणं आहे की पन्नाशीच्या आसपासच्या फुटबॉलपटूच्या गुडघ्याबद्दल काहीही ठरवण्यापूर्वी खुब्याची आतली फिरकी मोजलीच पाहिजे. कोनमापक लावून दोन मिनिटं लागतात.

दुपारी दोन्ही खुब्यांचा समोरून एक्स-रे आणि खुबा ४५ अंश वाकवून घेतलेला डन व्ह्यू काढला. खुब्याचा गोळा जिथे मांडीच्या हाडाच्या मानेला मिळतो तिथे कंबर असावी लागते. सरांच्या उजव्या खुब्यात कंबर भरून आली होती, हाडाचा उंचवटा, ज्याला कॅम म्हणतात. हा उंचवटा ज्याने मोजतात तो अल्फा कोन ७२ अंश निघाला; ६०च्या वर गेला की कॅम मानतात. सांध्यातली मोकळी जागा वरच्या बाजूला २ मि.मी.पेक्षाही कमी उरली होती.

हा उंचवटा निवृत्तीनंतर येत नाही. वाढीची पट्टी, म्हणजे हाड जिथून वाढतं ती जागा, उघडी असताना, साधारण १२ ते १४ वर्षांच्या काळात, खुब्यावर सतत धावण्याचा, वळण्याचा, किक मारण्याचा ताण पडला की हाड तिथे जास्तीचं भरतं. नंतर प्रत्येक जोरदार शॉटमध्ये मांडी मागे ताणली जाते आणि मग वाकत, शरीराच्या मध्यरेषेकडे झेपावते. त्या क्षणी उंचवटा खुब्याच्या खोबणीच्या कडेवर आपटतो. आधी कडेची लवचीक किनार फाटते, मग तिच्या शेजारची कुर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडावरचं गुळगुळीत आवरण, सोलून निघते. स्ट्रायकर हे सामन्यात करतो त्याहून कितीतरी जास्त वेळा सरावात करतो. ट्रेनिंग संपल्यावर थांबून आणखी चाळीस शॉट मारणारा तोच असतो, आणि म्हणूनच तो गोल करतो.

सरांचा उजवा घोटाही तीच कहाणी सांगत होता. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा: डावा अंगठा भिंतीपासून ९ सें.मी. लांब ठेवता आला, उजवा ४. घोट्याच्या पुढच्या कडेवर हाडाचे काटे, चेंडूच्या माऱ्याने आणि पाऊल टोकापर्यंत ताणल्याने आलेले. अर्जेंटिनाचा गॅब्रिएल बातिस्तुता २००५ साली निवृत्त झाला, तेव्हा घोट्यांच्या वेदनेपायी त्याने डॉक्टरांना पाय कापून टाका म्हणून विनवलं होतं. फिओरेन्तिना या इटालियन क्लबसाठी वर्षानुवर्षं गोल करणारा माणूस! घोट्यात कुर्चा राहिली नाही की काय होतं, ते त्या एका वाक्यात आहे.

स्ट्रायकरला मी झोप आणि स्मरणशक्तीबद्दलही विचारते. इंग्लंडच्या एफए कपच्या १९६८च्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविच क्लबसाठी विजयी गोल करणारा जेफ ॲस्टल २००२ साली ५९व्या वर्षी गेला; मृत्यूचं कारण धंद्यामुळे जडलेला आजार असं नोंदवलं गेलं, आणि ते हेडिंगशी, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्याशी, जोडलं गेलं. २०१९च्या ग्लासगोच्या अभ्यासात स्कॉटलंडच्या माजी फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. सरांचं या बाबतीत सगळं ठीक होतं.

एक्स-रे पुरेसा बोलका होता, तरी गुडघ्यात जुनी झीज असल्यामुळे खात्री करणं भाग होतं. संध्याकाळी आमच्या अस्थिरोग सर्जननी सोनोग्राफीखाली ९ सें.मी. लांबीच्या २२ गेज सुईने खुब्याच्या सांध्यात भूल देणारं औषध सोडलं. स्टेरॉइड मुद्दाम घातलं नाही. सांधा बदलायचा निर्णय जवळ असेल तर स्टेरॉइडनंतर किमान तीन महिने शस्त्रक्रिया टाळावी लागते, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अर्ध्या तासाने सर दवाखान्याचा जिना चढून आले, उतरले, पुन्हा चढले. गुडघा दुखत नव्हता. गुडघ्याला दिवसभरात कुणी सुई लावली नव्हती.

दुर्बिणीतून उंचवटा तासायची वेळ मात्र निघून गेली होती. जागा २ मि.मी.च्या खाली गेल्यावर त्याचा फायदा होत नाही. उरतो खुब्याचा सांधाबदल. बदललेल्या खुब्यांपैकी अर्ध्याहून थोडे अधिकच २५ वर्षं टिकतात, त्यामुळे ५२व्या वर्षी तो जितका पुढे ढकलता येईल तितका बरा. रात्रीची झोप जायला लागली आणि मैदानावर उभं राहणं अशक्य झालं की मग थांबू नये.

तोवरचं वेळापत्रक लिहून दिलं. काठी डाव्या हातात. दुखणाऱ्या बाजूला धरली तर खुब्यावरचा भार फारसा उतरत नाही. सायकलची सीट उंच, म्हणजे खुबा ९० अंशांच्या पुढे वाकणार नाही. कुशीवर पडून पाय उचलणं आणि ब्रिजिंग (पाठीवर पडून, गुडघे वाकवून कंबर उचलणं), १० चे ३ सेट, एक दिवस आड. वजन ८४ वरून ७६ वर: एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, त्यामुळे आठ किलोंचा हिशेब वीस किलोंच्या पुढे जातो. आणि स्ट्रेचिंग बंद. हे सरांना सगळ्यात जड गेलं. आखडलेलं ताणून मोकळं करायची खेळाडूची सवय आयुष्यभराची असते, पण इथे स्नायू आखडलेला नाही, हाड अडतंय. ताणाल तितकी कुर्चा चिरडते.

जाताना त्यांनी स्वतःचं काही विचारलं नाही. मैदानावरच्या तेरा वर्षांच्या एका मुलाबद्दल विचारलं, तो शाळेच्या संघात, क्लबमध्ये आणि रविवारी मोठ्यांच्या संघात, तिन्हीकडे खेळतो. मी सांगितलं: आठवड्याचे खेळाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, म्हणजे त्याला तेरा, एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि महिन्यातून एकदा त्याला पाठीवर झोपवून, गुडघा ९० अंशांत धरून, पाऊल बाहेर नेऊन बघा. दोन्ही बाजूंत फरक पडायला लागला किंवा जांघेत दुखलं, तर शॉटचा सराव थांबवून त्याला आधी इकडे पाठवा.